परवाच धार लावली, आज पुन्हा टोमॅटो दबतोय: सुरीची धार टिकत का नाही?

मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. रोज सहा-सात किलो भाजी माझ्या हाताखालून जाते, त्यात दोन किलो तर कांदाच. सुरी बोथट असली की आधी मनगट दुखतं आणि मग डोळे, कारण बोथट सुरीने कांदा कापला न जाता चिरडला जातो, आणि जितका चिरडेल तितका झोंबतो.

पहिली चार-पाच वर्षं माझं एकच रडगाणं होतं. धार लावली की दोन दिवस सुरी झकास चालायची. तिसऱ्या दिवशी टोमॅटोवर ठेवली की साल कापली जायच्या आधी टोमॅटो दबायचा. पुन्हा दगड काढायचा, पुन्हा दोन दिवस. पातं झिजून निम्मं झालं, पण धार काही टिकेना. दगड बदलला, मग सुरी बदलली, चांगली महागातली आणली. तरी तीच गत.

हे कोडं सोडवलं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. एकदा त्यांच्यासमोर सुरी ठेवली आणि म्हटलं, "काका, कालच लावलीय हो धार. आज बघा."

त्यांनी सुरी खिडकीच्या उजेडात धरली. अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद ओढून धारेपलीकडे नेला. मग सुरी उलटी करून दुसऱ्या बाजूनेही तसंच केलं. "अगं, धार तर बरोबर लागलीय. बर कुठे काढलीस?"

मला बर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी माझा अंगठा धरून त्या बाजूवरून फिरवला. एका बाजूने गुळगुळीत लागलं. दुसऱ्या बाजूने धारेशी आल्यावर कातडी कशात तरी हलकीशी अडकली, नख तुटल्यावर त्याचा कोपरा साडीत अडकतो तशी. ती बर.

दगडावर एका बाजूने पातं घासत गेलं की धारेपाशी पोलाद इतकं पातळ होतं की ते झिजायच्या ऐवजी पलीकडे वळतं. धारेच्या काठावर अगदी बारीक पत्रा लोंबत राहतो. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही. आणि फसवणूक होते ती इथेच: हा पत्रा पातळ असल्यामुळे पहिले एक-दोन दिवस सुरी सुरेख कापते. आपल्याला वाटतं, छान धार लागली. मग फळीवर आपटून तो पत्रा वाकतो, ठिकठिकाणी तुटतो, आणि खाली उरते ती फाटकी, जाड कड. सुरी दोन दिवसांत बोथट झाली असं आपण म्हणतो. खरं तर तिची धार अजून पूर्ण लागलेलीच नसते.

तेव्हापासून ओळखीपाळखीच्या बायका "धार टिकत नाही" म्हणून ज्या सुऱ्या माझ्याकडे आणतात, त्यातल्या बहुतेकींचं दुखणं हेच निघतं. पण सगळ्यांचं नाही. म्हणून दगडाला हात लावायच्या आधी सुरीला झालंय काय ते बघायचं.

आधी बघा

दिव्याखाली सुरी धार वर करून धरा आणि थोडी मागे-पुढे झुकवा. चांगली धार उजेड परत देत नाही, तिथे नुसती रेघ संपल्यासारखी वाटते. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार गेलेली आहे. रेघ सलग असेल तर सुरी झिजली आहे. मध्येच ठिपके चमकत असतील तर दाते पडले आहेत.

मग अंगठ्याच्या नखावर धार तिरपी टेकवा, जोर न लावता. धरली तर ठीक, घसरली तर बोथट. हे मुठीपासून टोकापर्यंत तीन-चार ठिकाणी करा, कारण आपण चिरतो ते पात्याच्या मधल्या भागाने आणि धार जाते ती तिथलीच.

शेवटी काकांसारखा अंगठा पाठीकडून धारेकडे न्या, दोन्ही बाजूंनी. धारेच्या लांबीवर अंगठा कधीही फिरवायचा नाही. एका बाजूला अडकतंय आणि नुकतीच धार लावली आहे, तर ती बर. आठ-दहा दिवस वापरल्यावर एका बाजूला अडकायला लागलं असेल तर धार दुमडली आहे. बोटाला दोन्ही सारखंच लागतं, पण उपाय वेगळे आहेत. अंगठ्यावर विश्वास नसेल तर कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे पुसा. जिथे धागे अडकून राहतील तिथे गडबड आहे.

दुमडलेल्या धारेला दगड लावू नका

आपल्या घरातल्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद मऊसर असतं, पोलादाचा कठीणपणा मोजायच्या रॉकवेलच्या मापात साधारण ५२ ते ५६. जपानी सुऱ्या ६० च्या पुढे असतात, त्यांची धार वाकत नाही, तिचा टवका उडतो. आपल्या सुरीची धार मात्र वापरता वापरता एका बाजूला कलते. पोलाद जागेवरच असतं, ते फक्त सरळ करायचं असतं. अशा वेळी दर आठवड्याला दगडावर घासलं तर सुरी विनाकारण झिजते.

हॉटेलांत यासाठी पोलादी सळई ठेवतात. घरी ती नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाशी एक चकाकी नसलेली, खरखरीत कडी असते. लोणच्याच्या बरणीच्या बुडालाही ती असते. त्या कडीवरून पातं मुठीपासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढायचं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, अशी पाच-सहा जोड्या. कोन धार लावतानाचाच, किंवा अगदी किंचित जास्त. जोर अजिबात नको. मी रोज सकाळी भाजी काढायच्या आधी हे करते, अर्धा मिनिटही लागत नाही. दगड आता दीड-दोन महिन्यांतून एकदा निघतो. तुमच्या घरी चार माणसांची भाजी असेल तर वर्षातून दोनदा दगड पुरे.

दगडावर काय चुकतं

हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत कार्बोरंडमचा आठ इंची दगड मिळतो. एक बाजू जाडी, एक बारीक. घरच्या स्टेनलेस सुरीला तो पुरतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पोलादापेक्षा तो कितीतरी कठीण असतो, त्यामुळे कुठलीही सुरी त्याच्यावर झिजणारच. प्रश्न फक्त कोनाचा आणि जोराचा. ज्यांना हौस आहे त्यांनी हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्यावा (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). त्याच्या पुढे तीन हजार, सहा हजारांवर जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. टोमॅटोची आणि ढोबळी मिरचीची साल धरायला धारेला किंचित खर लागते. आरशासारखी केलेली धार सालीवरून सटकते.

दगड पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. त्याच्याखाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. दगड कधी तेलावर वापरलेला असेल तर मात्र तेलावरच चालवा, तो पाणी पीत नाही.

आता कोन. वीस अंश म्हणतात, पण अंश हाताला कसे कळणार? पातं साधारण चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १३-१४ मिलिमीटर उचललेली हवी, म्हणजे पाठीखाली करंगळीचं टोक जेमतेम शिरेल इतकी. दोन सेंटिमीटरच्या छोट्या सुरीला सात मिलिमीटर पुरे. याहून चांगली युक्ती काकांनी दाखवली: काळ्या मार्करने धारेच्या उतारावर, अगदी काठापर्यंत, रंग भरा आणि दगडावर दोनच हात फिरवा. मग बघा. काठाशी शाई तशीच राहून वरची पुसली गेली तर सुरी फार झोपली आहे, धारेपर्यंत दगड पोचतच नाही. फक्त अगदी काठाची शाई गेली तर सुरी फार उभी आहे. सगळा उतार स्वच्छ झाला तर कोन जमला. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा धक्काच बसला. इतकी वर्षं मी सुरी इतकी झोपवत होते की दर वेळी धारेच्या वरची बाजूच घासत होते. अर्धा तास घासूनही धारेला दगड लागलाच नव्हता, असं कितीतरी वेळा झालं असणार.

एका बाजूने घासत राहा. किती हात ते मोजू नका. पलीकडच्या बाजूला बर जाणवली की ही बाजू झाली. पण ती मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवायला हवी. मुठीजवळचा एक इंच आणि टोकाचा बाक नेहमी सुटतात. टोकाशी येताना मूठ थोडी वर उचलावी लागते, नाहीतर बाकाला दगड लागत नाही. सलग बर आली की बाजू बदला आणि ती इकडे येईपर्यंत तेवढंच काम दुसऱ्या बाजूने करा. दाते पडले असतील तरच जाडी बाजू वापरा, नाहीतर बारीकच.

आणि मग सगळ्यांत महत्त्वाचा भाग, जो बहुतेक जण सोडून देतात. आता हलके हात. धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय अशा बेताने, या बाजूने एक, त्या बाजूने एक. आधी पाच-पाच, मग तीन-तीन, मग एक-एक. जोर दर वेळी कमी करत जा. शेवटच्या हातांना सुरीचं स्वतःचं वजन पुरे. मध्ये मध्ये अंगठ्याने बघत राहा: बर इकडून तिकडे उडी मारते, आणि दर उडीला बारीक होते. मग पाठ किंचित जास्त उचलून दोन्ही बाजूंनी एकेक अगदी अलगद हात. त्यानंतर धार मऊ लाकडाच्या कडेतून किंवा बाटलीच्या बुचातून एकदा ओढा, उरलीसुरली बर तिथे निघून येते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, किंवा दगडावर वर्तमानपत्राची दुहेरी घडी ठेवून त्यावर, धार मागे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा. इथे दिशा उलटी, धार पुढे केली तर कागद फाटेल आणि पट्टाही कापेल.

कापसाचा बोळा पुन्हा फिरवा. एकही धागा अडकला नाही तर झालं. सुरी धुवा, पुसा, आणि टोमॅटोवर नुसती ठेवून मागे ओढा.

दगडही बिघडतो, हे लक्षात ठेवा. वर्षभरात मधोमध खोलगट होतो आणि मग कोन कितीही जपला तरी धार गोलाकार लागते. दगडावर शिसपेन्सिलने चौकटी आखा, सपाट कडाप्प्यावर जाड पॉलिश पेपर ओला करून पसरा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासा. मधल्या रेघा सगळ्यांत शेवटी जातात.

इतकं करूनही धार गेली तर

मग चूक स्वयंपाकघरात आहे. आपण भाजी कशावर चिरतो ते बघा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, काचेच्या बोर्डावर कुठलीच धार टिकणार नाही. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असतं, प्रत्येक चिरण्याला धार दगडावरच आपटते. लाकडाची फळी घ्या, नाहीतर साधी प्लास्टिकची. ताटावर लिंबू कापायची सवय तर आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. एक लिंबू, दोन सेकंद, आणि सकाळची सगळी मेहनत गेली.

चिरलेली भाजी फळीवरून कढईत लोटताना सुरी उलटी करा आणि पाठीने लोटा. धारेने आडवं खरवडलं की ती तिथेच दुमडते. गूळ फोडायला, नारळ सोलायला, फ्रीझरमधलं काही उचकटायला वेगळी जुनी सुरी ठेवा. भाजीची सुरी गुळात रुतवून पिळली की धारेला चंद्रकोरीसारखे टवके पडतात, ते मी स्वतः काढलेत, अर्धा तास जाड्या बाजूवर.

आणि सिंक. सुरी खरकट्या भांड्यांच्या ढिगात पडली की धार भांड्यांवर आपटते, वर मिठाचं पाणी. स्टेनलेस म्हणजे कधीच गंजत नाही असं नव्हे, मिठात राहिलं की बारीक खड्डे पडतात आणि ते धारेपाशी पडले की तिथून ती तुटते. शिवाय ढिगातल्या सुरीने आमच्या भांड्यांच्या मावशींचा हात एकदा चांगलाच कापला होता. तेव्हापासून माझी सुरी मी स्वतः धुते, पुसते आणि लगेच खाचेत ठेवते. ड्रॉवरमध्ये चमच्यांसोबत टाकायची असेल तर पुठ्ठा दुमडून त्याचं म्यान करा.

मशीनवर लावलेली धार

एकदा घाईत मी सुरी एका ठिकाणी विजेच्या चाकावर धार लावायला दिली. ठिणग्या उडाल्या, सुरी चकचकीत होऊन आली. घरी बघितलं तर टोकाशी निळसर जांभळा डाग. त्या दोन इंचांत धार एक दिवसही टिकेना. कितीही लावा, संध्याकाळी गुळगुळीत.

काकांनी डाग बघून मान हलवली. "पाणी उतरलं हिचं."

पोलाद तापवून एकदम थंड करतात तेव्हा ते कठीण होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. सुऱ्यांचं पोलाद त्यानंतर साधारण दीडशे ते अडीचशे अंश सेल्सिअसवर बेताने परत तापवलेलं असतं. धार इतकी पातळ की कोरड्या चाकावर क्षणात त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि तिथलं पोलाद मऊ पडतं. साध्या पोलादावर निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो, स्टेनलेसवर यायला त्याहून जास्त तापावं लागतं. म्हणजे डाग दिसला की समजायचं. उपाय एकच: मऊ पडलेला भाग संपेपर्यंत, मिलिमीटर-दोन मिलिमीटर, दगडावर पाण्यासोबत झिजवायचा. मला दोन दुपारी लागल्या.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्या दादांना मी सुरी देते, पण समोर उभी राहून. "दादा, हलक्या हाताने, मध्ये मध्ये पाण्यात बुडवा" एवढं सांगितलं की ते ऐकतात, त्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. घाई आपलीच असते. घरी आल्यावर बर मात्र स्वतः काढायची, चाकावर ती हमखास राहते. खाचेतून ओढायची जी छोटी यंत्रं मिळतात ती धातू ओरबाडून काढतात. स्वस्त सुरीला अडीनडीला ठीक, चांगल्या सुरीला नको.

टोमॅटो कापतोय, पण गाजर फुटतंय

हे वेगळं दुखणं. धार उत्तम आहे, कागद सरकन कापतो, पण गाजरात किंवा सुरणात सुरी अर्ध्यावर अडकते आणि टक्कन फोड उडते. पातं वर्षानुवर्षं झिजत वर सरकलं की धारेमागचा भाग जाड होतो. इथे धार लावून काही होत नाही. जाड्या बाजूवर सुरी जवळजवळ झोपवून, पाठ चार-पाच मिलिमीटरच उचलून, धारेमागचं पोट उतरवायचं. पात्यावर ओरखडे दिसतील, ते दिसू द्या. मग नेहमीच्या कोनात धार आणि बर.

विळी

विळीची पात साध्या पोलादाची. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद केलं, पण आपल्या विळीला ते पुष्कळ वर्षं शिवलं नाही, आणि बरंच झालं. तिला धार चटकन लागते आणि गंजही चटकन लागतो. कैरी, केळफूल, लिंबू चिरून तशीच ठेवली की रात्रीत लाल होते. काळी पडली तर काळजी नको, तो काळा थर तिला सांभाळतो. लाल गंज मात्र चिंचेच्या कोळाने घासून काढा, धुवा, कोरडी करा आणि खोबरेलाचं बोट फिरवा. फणस चिरताना लावतो तसं.

धार लावताना विळी हलवायची नाही, बारीक बाजूचा दगडाचा तुकडा ओला करून हातात घ्यायचा. पातीच्या समोर बसू नका, बाजूला बसा, आणि दगड धारेकडून पाठीकडेच न्या, म्हणजे हात घसरला तरी धारेवर जाणार नाही. दोन्ही बाजूंनी, आणि बर इथेही काढायची.

एवढं करून विळी बोथटच वाटली तर पात हाताने हलवून बघा. पाटाशी खिळा सैल असेल तर पात डुलते, भाजी तिरपी कापली जाते आणि आपण दोष धारेला देतो. खिळा ठोकून घेतला की त्याच धारेवर विळी चालते. आणि आजीच्या काळची पात झिजून कडेला जाड झाली असेल तर ती लोहाराकडे न्या. गावाकडे अजून घिसाडी येतात, खुरपं, फाळ शेवटून देतात तशी तेही पात तापवून, ठोकून पातळ करून देतात. तेवढ्यात पुन्हा पाणी द्यायलाही सांगा. माझ्या सासूबाईंची विळी दोन वर्षांपूर्वी अशी शेवटून आणली. परवा तिच्यावर एकादशीचं सुरण चिरलं, एकही फोड उडाली नाही.